थिओडेन आत्ता घ्यायचा की नव्या सिरीजची वाट बघायची?

प्रश्न असा आलाय: विचारणाऱ्यांकडे लेगोचा 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वरचा 2023 चा रिव्हेंडेल सेट आहे, म्हणजे अंगठी घेऊन निघालेले नऊच्या नऊ जण कपाटात उभे आहेत, आणि आता जीव अडकलाय तो रोहान या घोडेस्वारांच्या राज्यातल्या माणसांत. राजा थिओडेन हवा, त्याचा भाचा इओमर हवा, हेल्म्स डीपच्या किल्ल्याला मदतीला येणारा एल्फ हाल्दिर हवा, आणि जमलं तर इओमरची बहीण इओविनपण. पहिले तिघं 2012 च्या जुन्या सेटमधले, त्यांचे सेकंडहँड भाव चढलेले, आणि इओविन तर त्या काळात आलीच नव्हती. अशात कुणीतरी त्यांना एक धूसर फोटो पाठवलाय की लॉर्ड ऑफ द रिंग्जची अख्खी मिनिफिगर सिरीज, म्हणजे लेगोच्या छोट्या माणसांची मालिका, येतेय, एका डबीत एक पात्र अशी. तर जुनी पात्रं आत्ताच घेऊन टाकायची की थांबायचं, आणि त्या फोटोवर विश्वास ठेवायचा का?

मी ही पात्रं बरीच वर्षं गोळा करतेय, विकत घेते, अदलाबदल करते, लोकांचे जुने डबे निवडून देते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर सारखा येतो, फक्त पात्रांची नावं बदलतात. आणि दर वेळी मला वाटतं की सिरीज येणार का, हा यातला खरा प्रश्न नाहीच. ते ठरवणारी माणसं वेगळी, ती जाहीर करेपर्यंत तोंड उघडत नाहीत, तिथं आपण डोकं लावून काही हाती लागत नाही. खरा प्रश्न असा की समजा सिरीज आली, किंवा नवा मोठा सेट आला, तर त्यात तुमची ही चार पात्रं असतील का. त्याचा अंदाज मात्र बऱ्यापैकी बांधता येतो, कारण कुठलं पात्र कधी येतं आणि कुठलं वर्षानुवर्षं राहून जातं याला एक रीत आहे.

त्याआधी एक गोष्ट तुमची तुम्हालाच ठरवावी लागेल. तुम्हाला थिओडेन हवाय की 2012 चा थिओडेन हवाय? हे दोन वेगळे शौक आहेत. कपाटात रिव्हेंडेलच्या शेजारी रोहान उभं करायचं असेल तर कुठलाही चांगला थिओडेन चालेल, नवा आला तर जास्तच चांगला, कारण प्रिंट नवं असेल आणि बाकीच्यांशी जुळेल. पण तुम्हाला 2012-13 च्या सेटांची ती पहिली लाट पूर्ण करायची असेल, त्याच सेटमधलं तेच पात्र, तर नवं काहीही आलं तरी तुमची गरज भागणार नाही आणि थांबण्यात अर्थच नाही. शिवाय तुम्हाला एकेकच पात्र हवंय की मागे रोहानचे शिपाई आणि समोर उरुक-हाय या शत्रूसैनिकांची फौजपण उभी करायची आहे, यावरही बरंच अवलंबून आहे. प्रश्नावरून मला वाटतंय की तुम्ही पहिल्या प्रकारातले आहात, देखावा मांडणारे, म्हणून पुढचं सगळं तसं धरून लिहितेय.

आता ती रीत. पात्र जागेच्या मागे येतं. कंपनी आधी ठरवते की कुठली जागा बांधायची, मग त्या जागेत कोण कोण उभं राहतं ते बघते. रिव्हेंडेल बांधलं म्हणून एलरॉन्ड आला, आर्वेन आली, म्हातारा बिल्बो आला. 2024 च्या जूनमध्ये बराद-दूरचा 5,471 तुकड्यांचा मनोरा आला म्हणून सॉरॉन आला, माउथ ऑफ सॉरॉन आला, गोथमॉग आला, आणि ऑर्कच्या वेषातले फ्रोडो-सॅम आले. 2025 च्या एप्रिलमध्ये शायर, म्हणजे हॉबिटांचं गाव, आलं आणि त्याबरोबर सॅमची रोझी कॉटन आली. रोझीचं नाव पहिल्या लाटेत येण्याची शक्यताच नव्हती, कारण तेव्हाचे सेट होते ते लढायांचे, मोरियाच्या खाणी, वेदरटॉप, हेल्म्स डीप, ब्लॅक गेट, त्यात रोझीला उभं कुठं करणार? जागा बदलली की पात्रांची यादी आपोआप बदलते. म्हणून कुठलीही अफवा आली की मी पहिल्यांदा पात्रांची नावं बघतच नाही, जागा कुठली म्हणतायत ते बघते.

रिव्हेंडेल, बराद-दूर आणि शायर, या तिन्ही जागांत रोहानचं कुणी नाही. असणारच नाही, त्या जागांशी त्यांचा संबंध नाही. थिओडेन यायचा तर रोहानची राजधानी एडोरास तरी हवी, हेल्म्स डीप तरी हवं, नाहीतर मिनास तिरिथ शहराच्या पायथ्याचं लढाईचं मैदान तरी हवं. हाल्दिरचं आणखी अवघड आहे, त्याला एकतर हेल्म्स डीप लागतं नाहीतर लोथलोरिएन हे एल्फांचं वन. म्हणजे तुमच्या यादीतल्या चौघांपैकी तिघं एका प्रकारच्या सेटवर लटकलेले आहेत आणि चौथा त्याहून अरुंद फांदीवर.

पहिल्या लाटेत हे कसं होतं ते जरा जवळून बघा, कारण त्यातून पुढचं बरंच कळतं. 2012 साली नऊ जणांची टोळी एका खोक्यात मिळतच नव्हती. गँडाल्फ छोट्याशा सेटमध्ये, ज्यात त्याची घोडागाडी होती. सॅम शेलॉबच्या सेटमध्ये. मेरी आणि ॲरागॉर्न वेदरटॉपच्या. पिपिन, लेगोलस, गिमली आणि बोरोमिर मोरियाच्या खाणीत. फ्रोडो मात्र जिकडेतिकडे. टोळी पूर्ण करायला किमान चार सेट घ्यावे लागत, आणि हे मुद्दाम केलेलं असतं, प्रत्येक खोक्यात एकतरी असा माणूस ठेवायचा जो दुसरीकडे नाही. रोहानचंही तसंच, थिओडेन आणि हाल्दिर हेल्म्स डीपच्या 1,368 तुकड्यांच्या मोठ्या सेटमध्ये, तर इओमर वेगळ्याच, उरुक-हाय आर्मी नावाच्या 257 तुकड्यांच्या लहान सेटमध्ये, जो हेल्म्स डीपच्या तटाला जोडता यायचा. म्हणून आजही इओमर थोडा सहज सापडतो. लहान सेट जास्त लोकांनी घेतलेला असतो, मुलांना वाढदिवसाला दिलेला असतो, आणि तीच मुलं आता मोठी होऊन डबे रिकामे करतायत. मोठ्या सेटमधली पात्रं ज्यांनी घेतली त्यांनी जपून ठेवली, ती लवकर सुटत नाहीत.

मग परत यायला किती वेळ लागतो? बोरोमिर 2012 नंतर थेट 2023 ला आला. आर्वेन 2013 च्या कौन्सिल ऑफ एलरॉन्ड सेटमध्ये होती, तीही 2023 ला. माउथ ऑफ सॉरॉन 2013 च्या ब्लॅक गेटमध्ये, मग 2024. दहा-अकरा वर्षं. मधल्या काळात, 2014 च्या शेवटी हॉबिटचे शेवटचे सेट आले त्यानंतर, 2015 ला एका व्हिडिओ गेमबरोबर आलेली दोनचार पात्रं सोडली तर मिडल-अर्थचं, म्हणजे या कथांच्या जगाचं, नवीन काहीच नव्हतं आणि आम्हा लोकांना वाटायला लागलं होतं की हे दार आता बंदच झालं. मग 2023 च्या जानेवारीत ब्रिकहेड्झच्या तीन जोड्या आल्या, गँडाल्फ-बालरोग, फ्रोडो-गोलम, ॲरागॉर्न-आर्वेन. ती मिनिफिगर नव्हेत, ठोकळ्यांची मोठ्या डोक्याची पात्रं, पण त्या दिवशी मला जो आनंद झाला तो त्या पात्रांचा नव्हता, ही कथा वापरायचा परवाना परत चालू झालाय हे त्यातून दिसलं म्हणून झाला. आणि दोनच महिन्यांत 6,167 तुकड्यांचं रिव्हेंडेल आलं, 15 मिनिफिगर घेऊन. वाट बघणाऱ्याने लहान गोष्टींकडे लक्ष ठेवावं ते यासाठी. एखादी छोटी चीज आली म्हणजे साधारण मागे मोठं काहीतरी शिजत असतं.

आता दुसरी बाजू, साच्याची. मिनिफिगर बघताना लोक चेहरा बघतात, मी आधी डोक्यावर काय आहे ते बघते. चेहरा म्हणजे प्रिंट. पिवळ्या किंवा त्वचेच्या रंगाच्या नळकांड्यावर शाई, ते डोकं 1978 पासून तेच आहे, येन्स नुगोर्ड क्नुडसेन यांनी बसवलेलं, आणि त्याच्यावर नवा चेहरा छापणं कंपनीला तुलनेने स्वस्त. पण केस, दाढी, टोपी, हेल्मेट, एल्फचे कान बाहेर आलेले केस, या सगळ्याला पोलादाचा साचा लागतो आणि साचा महाग पडतो, म्हणून प्रत्येक सेटच्या डिझायनरला नव्या साच्यांचा ठरावीक वाटा मिळतो, त्यातच त्याला भागवायचं असतं. त्यामुळे ज्या पात्राला आधीच असलेले केस चालतात ते पात्र सहज येतं. ज्याला सगळंच नवं लागतं ते मागे राहतं, किंवा मग इतकं महत्त्वाचं असावं लागतं की त्याच्यासाठी साचा बनवणं परवडेल. गोलम तसा आहे. त्याला मिनिफिगरचं नेहमीचं अंग चालत नाही, कमरेत वाकलेला, बारीक हातापायांचा, पूर्ण वेगळा साचा, पण त्याच्याशिवाय ही गोष्टच होत नाही, म्हणून 2012 ला तो केला आणि 2024 ला परत आणला.

या दोन गोष्टी, जागा आणि साचा, तुमच्या चौघांना लावून बघा. इओविनला साच्याची अडचण जवळजवळ नाही, लांब मोकळे केस इतर कितीतरी थीममध्ये आहेत, चेहरा आणि अंगरखा छापला की झालं. तिला अडचण फक्त जागेची. शिवाय ती गोष्टीतली इतकी लाडकी बाई आहे आणि पहिल्या लाटेत राहून गेली हे सगळ्यांना इतकं खुपलेलं आहे की रोहानची कुठलीही जागा आली आणि तिच्यात ती नसेल असं मला अजिबात वाटत नाही. थिओडेन राजा आहे, राजाशिवाय रोहान होत नाही, तोही येईल. इओमर मधल्या जागी. एका सेटमध्ये दोन घोडेस्वार सरदार द्यायचे म्हटले की दुसरा तोच. आणि हाल्दिर, माझ्या मते, सगळ्यात शेवटी. ज्याने गोष्ट मनापासून अनुभवली त्याला हाल्दिर माहीत असतो, पण दुकानात खोकं हातात घेणाऱ्या साध्या माणसाला तो 'एक एल्फ' एवढाच दिसतो, आणि जागा कमी पडली की असाच माणूस वगळला जातो.

सिरीजचं गणित मात्र वेगळं, कारण तिला जागाच नसते. डबीत एक पात्र, त्याच्या हातात एकदोन वस्तू, पायाखाली छोटी पट्टी, संपलं. 2010 ला ही पद्धत चालू झाली तेव्हा एका सिरीजमध्ये 16 पात्रं असायची, अलीकडे 12 असतात. दुसऱ्यांच्या कथा परवान्याने घेऊन काढलेल्या सिरीज मध्येमध्ये येतात, हॅरी पॉटरची 2018 ला आली त्यात 22 पात्रं होती, डंजन्स अँड ड्रॅगन्सची 2024 ला आली त्यात 12. तेव्हा मिडल-अर्थची आली तरी 12 धरून चालू. आता या 12 खुर्च्या तुम्हीच भरून बघा. फ्रोडो नाही ठेवला तर गोष्टीला तोंडच नाही. गँडाल्फ, बहुतेक पांढऱ्या वेषातला, कारण करडा बऱ्याचदा देऊन झालाय. ॲरागॉर्न राजाच्या वेषात. लेगोलस, गिमली. गोलम हवाच. एक ऑर्क किंवा उरुक, फौज करणाऱ्यांसाठी. एक नाझगूल. सारुमान. गॅलाड्रिएल. दहा झाल्या. राहिल्या दोन, आणि त्या दोनसाठी इओविन, थिओडेन, फारामिर, ट्रीबियर्ड, डेनेथोर, टॉम बॉम्बाडिल, सगळे रांगेत उभे. मी ठरवणारी असते तर एक इओविनला दिली असती, दुसरी फारामिरला, कारण दोघंही पहिल्या लाटेत नव्हते आणि शेजारी शेजारी उभे राहिले तर किती सुंदर दिसतील! थिओडेनचा नंबर मग लागत नाही, इओमर-हाल्दिरचा तर नाहीच नाही.

म्हणून इथवरचं एकत्र सांगायचं तर असं: इओविनसाठी थांबा, दुसरा मार्गही नाही. थिओडेनसाठी थांबायला हरकत नाही, पण तो सिरीजमधून नाही तर रोहानच्या मोठ्या सेटमधून यायची शक्यता जास्त, आणि मोठा सेट म्हणजे मोठा खर्च, एका पात्रासाठी तो सेट तुम्ही घेणार आहात का हे आधी मनाशी बघा. घेणार नसाल तर मग नव्या थिओडेनचीही सेकंडहँडच वाट बघावी लागेल, त्यापेक्षा जुना आत्ता परवडत असेल तर तो घ्या. इओमर संधी मिळेल तसा. आणि हाल्दिर चांगल्या स्थितीत, वाजवी भावात दिसला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

उलटा विचारपण करून ठेवा, की घेतला आणि नंतर नवा आला तर काय. माझ्या अनुभवात नवं पात्र जाहीर झालं की जुन्या सुट्या पात्राचा भाव आधी ढिला पडतो, कारण ज्यांना फक्त ते पात्र हवं होतं ते नव्याकडे जातात. बोरोमिरचं तसंच झालं. रिव्हेंडेल येईपर्यंत लोक एका बोरोमिरसाठी अख्खा मोरिया शोधत फिरायचे, तो आला आणि ती धावपळ थांबली. सीलबंद जुना सेट मात्र याने फारसा हलत नाही, त्याचे गिऱ्हाईक वेगळे असतात. तेव्हा सुटा थिओडेन घेताना तो पुढे महाग होईल या आशेने घेऊ नका. आवडतो म्हणून घ्या, रोज बघणार आहात म्हणून घ्या, मग पुढे नवा आला तरी जुना डोळ्यात खुपणार नाही.

आता तो फोटो. मला तुम्ही तो वर्णन करून सांगितलाय तेवढ्यावरून बोलते: 12 पात्रं एका ओळीत, मागे काळं, प्रकाश छान, फक्त वरून धूसर केल्यासारखं. खऱ्या लीकचे फोटो असे नसतात. खरा लीक बहुतेक वेळा फार रटाळ असतो, नुसता सेटचा नंबर, तुकड्यांची संख्या आणि कुठल्या महिन्यात एवढीच ओळ, किंवा खोक्याचा वाकडातिकडा, गोदामाच्या उजेडातला तुकडा. स्टुडिओत काढल्यासारखा फोटो आणि त्यावर धुकं, म्हणजे कुणीतरी स्वतः बनवून लपवलंय असं आधी समजायचं. हल्ली तर कंप्युटरकडून असली चित्रं मिनिटात बनतात. ती ओळखायची माझी पद्धत साधी आहे, मी चेहरे सोडून सांधे बघते. मनगटाजवळ हात दंडाच्या नळीत गोल बसतो का, पंजा एका बाजूने उघडा वाकडा आकडा आहे का, कमरेच्या पट्टीखाली दोन पाय वेगळे दिसतात का, आणि अंगावरची नक्षी कमरेच्या पट्टीवर येऊन तुटते का. खऱ्या मिनिफिगरमध्ये ती तुटतेच, अंग, कंबर आणि पाय वेगवेगळे छापले जातात. बनावट चित्रात झग्याची नक्षी गळ्यापासून घोट्यापर्यंत सलग वाहत जाते, आणि बोटंसुद्धा निघालेली असतात कधीकधी. तलवारीही बघा, मूठ पंजात मावेल एवढी जाड आहे का. लोक पात्रांच्या नावांवर वाद घालत बसतात आणि हे कुणी बघत नाही.

आणि फोटो खरा निघाला तरी घाई कसली? गेल्या तिन्ही मोठ्या सेटना अधिकृत घोषणा आणि विक्री यांत काही आठवड्यांचंच अंतर होतं. रिव्हेंडेल फेब्रुवारीत दाखवलं, मार्चमध्ये मिळालं. बराद-दूर मे महिन्यात दाखवलं, जूनमध्ये मिळालं. म्हणजे ज्या दिवशी खरं कळेल त्या दिवसापासून तुम्हाला ठरवायला पुरेसा वेळ आहे. अफवेवर ठरवायची गरज पडते ती फक्त जुनी वस्तू समोर आली असताना, तेव्हा वर सांगितलेली जागेची आणि साच्याची कसोटी लावायची.

सिरीज खरंच आली तर एवढंच, की 2023 च्या सप्टेंबरपासून ही पात्रं पिशवीऐवजी कागदी डबीत येतात, त्यामुळे बाहेरून चाचपून ओळखायची जुनी कला संपली. एकेक डबी नशिबावर घेत बसलात तर नको ती पात्रं चारचारदा येतात. चार-पाच जण मिळून अख्खी पेटी घ्या आणि वाटून घ्या, कुणाला ऑर्क जास्त हवे असतात, कुणाला गोलम नको असतो, सगळ्यांचं भागतं. माझं आजवर याच मार्गाने सगळ्यात कमी पैशात पूर्ण झालंय.

जुनं घेणार असाल तर हा भाग नीट वाचा, कारण इथं माणसं फसतात. रोहान म्हणजे तपकिरी रंग, आणि नेमका त्या वर्षांतला लालसर तपकिरी, गडद तपकिरी आणि गडद लाल प्लास्टिक ठिसूळ निघालेला आहे. वरून तुकडा छान दिसतो, आणि पाय वाकवायला जावं किंवा हात काढायला जावं तर कट्कन आवाज येतो. मी असे तुकडे कधी ओढून वेगळे करत नाही, थंड खोलीत तर नाहीच, हात लावायचाच असेल तर आधी तळहातात धरून थोडे कोमट होऊ देते. विकणाऱ्याला फोटो मागताना समोरचा एक आणि पाठीचा एक एवढ्यावर थांबू नका. अंगाच्या दोन्ही बाजूंचा, काखेखालचा, उजेडाकडे तिरका धरून काढलेला फोटो मागा. तिथं केसासारखी बारीक चीर असते, वरून खाली जाणारी, ती समोरून दिसत नाही. पुठ्ठ्यासारखा कडक कापडी झगा असेल तर त्याच्या मानेच्या भोकांजवळ धागे सुटलेत का बघा, 2012 च्या काळातले झगे खळ घातल्यासारखे कडक असत, एकदा मुडपले की ती घडी जात नाही. झगा मऊ, स्पंजासारखा असेल तर तो नंतरचा आहे, कुणीतरी बदललाय, वाईट नाही पण मग त्या हिशोबानेच भाव द्या.

नकली पात्रंही फिरतात, विशेषतः याच कथेची, कारण खरी मिळत नाहीत. डोकं काढून डोक्यावरच्या गोल बटणावर कंपनीचं नाव कोरलेलं आहे का बघा, आणि डोकं काढलंच आहे तर मानेच्या खुंटीच्या वरच्या टोकावरही असतं तेही बघा. नुसतं डोक्यावर असून भागत नाही, खरं डोकं आणि नकली अंग असे जुगाड खूप दिसतात. आणखी एक खूण मला फार उपयोगी पडते. 2012 च्या बऱ्याच पात्रांना दोन चेहरे आहेत, एक पुढे एक मागे, मागचा केसांखाली किंवा हेल्मेटखाली लपतो. खऱ्या डोक्यावर दोन्ही बाजूंचं छापकाम तेवढंच रेखीव असतं. नकलीत पुढचा चेहरा बरा आणि मागचा भुवई सरकलेला, ओठ पुसट, कारण मागे कोण बघतंय असं त्यांना वाटतं.

राहिली इओविन. ती येईपर्यंत जागा रिकामी ठेवायची गरज नाही. मी माझ्या कपाटात तिची जागा सुट्या खऱ्या तुकड्यांतून भरलीय आणि ती बघून लोक विचारतात की ही कुठल्या सेटमधली. लांब, खांद्यावरून खाली येणारे फिक्या पिवळ्या रंगाचे केस घ्या, हे दुसऱ्या थीममध्ये भरपूर आहेत. चेहरा असा बघा ज्यावर लिपस्टिक ठळक नाही, एका बाजूला शांत आणि दुसऱ्या बाजूला दात आवळलेला, म्हणजे दरबारातली आणि रणांगणातली दोन्ही इओविन एकाच डोक्यात मिळतात. अंगाला किल्ल्यांच्या थीममधला गडद हिरवा किंवा तपकिरी चिलखताचा टॉर्सो, म्हणजे धडाचा तुकडा, ज्यावर दुसऱ्या कुठल्या घराण्याचं चिन्ह नाही असा, हे शोधायलाच सगळ्यात वेळ लागतो. दरबारातली हवी असेल तर पायांऐवजी पांढरा उतरता ठोकळा लावून घोळदार झगा करा. हातात साधी तलवार, शेजारी घोडा. खरी आली की हिला काढू नका, रोहानच्या गर्दीत मागे उभी करा, तिथं बायका कमीच आहेत.

हाल्दिर मिळाला तर काखेखालचा फोटो मला दाखवा, पैसे देण्याआधी. आणि हेल्म्स डीपचा अख्खा वापरलेला सेट कुणी विकत असेल तर पात्रांसकट विचारा, कधीकधी चार सुट्या पात्रांच्या बेरजेत तट आणि दरवाजासुद्धा पदरात पडतो.